पाच मिनिटांचं सुंबरान

न्हावरे, दसऱ्यानंतरचा शनिवार, २००३

प्रिय विठाबाई,

हे ‘प्रिय’ सोनमने घातलं. मी ‘विठे’ लिही म्हटलं होतं. ती म्हणते, पत्रात असं नसतं आजी. नात यंदा बारावीला आहे, त्यामुळे पत्रात काय असतं नि काय नसतं ते तिला ठाऊक. मी ‘हाय’ म्हणते, ती ‘आहे’ लिहिते. मी ‘न्हाई’ म्हणते, ती ‘नाही’ लिहिते. तेव्हा ऐकताना तुला वाटेल की थोरली बहीण म्हातारपणी मास्तरीण झाली, तर तसं काही झालेलं नाही. तुझी सून हर्षदा हे वाचून दाखवेल. तिला सांग, घाई करू नको, आणि शंकरराव घरात असतील तर वाचूच नको. फोन केला नाही तो याचसाठी. तुमचा फोन तुझ्या मालकाच्या उशाशी असतो. तो वाजला की कोणाचा, कशाला, किती वेळ, ही चौकशी संपेपर्यंत माझं बोलणं आटपतं. पत्र बरं. पत्राला कोणी दरडावून विचारत नाही.

बातमी अशी, की आमच्या गजी नाचाच्या मंडळाला सरकारी अनुदान मिळायचं आहे. मिळालं नाही, मिळायचं आहे. या दोन शब्दांच्या मध्ये मी गेले चार महिने लटकले आहे. शाळेतल्या ललिताबाईंनी ही योजना पेपरात वाचली. बाई शिरूरच्या. त्यांचे वडील कोंडिबा जलसा करायचे, बाबासाहेबांची गाणी गावोगाव न्यायचे. गाणारे एकेक करून गेले, पेटी कपाटावर गेली, आणि आता बाईंना एका गाण्याच्या दोन ओळी येतात, दुसऱ्याच्या तीन. त्या मला म्हणाल्या, “कुशाआजी, आमचं राहून गेलं. तुमचं राहू देऊ नका.” योजना म्हणे तीन वर्षांची. नवे ढोल, आणि पोरांना शिकवणाऱ्याला दर महिन्याला मानधन. अट दोन. मंडळात पंधरा कलाकार पाहिजेत, आणि देवाची ओवी सुरुवातीपासून शेवटापर्यंत म्हणून दाखवली पाहिजे. ऐकायला सोपं आहे, नाही का? आमच्याकडे माणसं आठ आहेत.

आठ म्हणजे कशी आठ ते ऐक. तिघांचे गुडघे गेलेत. हनुमंत भाऊजींना मोतीबिंदू आहे, त्यामुळे सगळे उजवीकडे फिरले की ते डावीकडे फिरतात आणि समोरच्याच्या अंगावर जातात. लोकांना वाटतं ही नवीन चाल बसवली. एकाला दम लागतो, पण तो खाली बसत नाही, ढोलावर टेकतो, म्हणजे ढोलही बंद. रुमाल उडवत रिंगण धरायचं तर आठ जणांचं रिंगण होतं का? लांबून बघितलं तर पाव्हणे विहिरीत वाकून बघतायत असं दिसतं. पोरं नाहीत असं नाही. पोरं आहेत, पण ती कंपनीत आहेत. रांजणगावला कोणाची पहिली शिफ्ट, कोणाची तिसरी. आमच्या धाकट्याला म्हटलं, दसऱ्याला तरी ये रे. तर म्हणतो, “आई, त्या दिवशी डबल पगार असतो.” देवाने कधी डबल दिलेलं मला आठवत नाही. मागच्या वर्षी दोघं आले, ते थेट कंपनीतून, ते लोखंडी टोकाचे बूट घालून. गजी कसली, पोलिसांची परेड वाटत होती. आणि जत्रेची कमिटी वर्गणी जमवते ती ऑर्केस्ट्राला. आमच्या मंडळाला चहा आणि नारळ. नारळही खवट निघाला.

तर अर्ज. नऊ पानांचा. मंडळाला अध्यक्ष पाहिजे, उपाध्यक्ष पाहिजे, सचिव, खजिनदार, सल्लागार, काय काय पाहिजे. आमचे मालक, सोनमचे आबा, अध्यक्ष झाले. (मुख्य कलाकाराचं नाव काय, असं बाईंनी मला विचारलं, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. पन्नास वर्षं नाव घेतलं नाही, ते काय सरकारसाठी घेऊ? सोनमने सांगितलं.) हनुमंत भाऊजी सचिव झाले, कारण आठांत सही त्यांनाच येते. वाचता येत नाही, आता दिसतही नाही, पण सही मोठी झोकदार, अर्ध्या पानावर जाते. असं करत करत आठही जणांना पदं मिळाली, सगळे खूश झाले, चहा झाला. मग ललिताबाई म्हणाल्या, “आता कलाकार कोण ते सांगा.” आणि जो तो रिकामी बशी पुन्हा तोंडाला लावायला लागला. एकदा खजिनदार झाल्यावर नाचायला कोण उठतो?

पुढे विचारलं होतं, प्रशिक्षण कोठे घेतले. आबा म्हणाले, “मेंढरांमागं.” बाईंनी जरा विचार केला आणि लिहिलं, ‘निसर्गाच्या सान्निध्यात’. कार्यक्रमाचा कालावधी विचारला, तर आबा म्हणाले, “दिवस बुडाल्यापून उजाडंपतुर.” बाईंनी लिहिलं, ‘आवश्यकतेनुसार’. बाई फार हुशार आहेत. माझंही नाव त्यांनी घातलं, ‘व्यवस्थापक’. म्हणजे भाकरी बांधणारी.

मग पुण्याचं बोलावणं आलं. निवडीला. एसटीने गेलो. दोन ढोल, आठ पदाधिकारी, एक व्यवस्थापक, चाळीस भाकरी. कंडक्टर ढोलांचं तिकीट मागायला लागला, तर आबा म्हणाले, “देव हाय त्यो, देवाचं तिकीट काढतोस का?” कंडक्टर शिरूरचाच होता. त्याने ढोलाच्या पाया पडून अर्धं तिकीट फाडलं.

हॉल मोठा, खुर्च्या मऊ, समोर टेबलामागे एक साहेब आणि दोन बाया. साहेब माणूस चांगला होता, खोटं कशाला सांगू. म्हणाले, “आजोबा, पाच मिनिटं आहेत तुम्हाला. घंटा वाजली की थांबायचं.” विठे, पाच मिनिटं! सुंबरान मांडायचं म्हणजे गावोगावच्या देवांना नाव घेऊन बोलवायचं, एक जरी सुटला तरी तो रुसून बसतो, आणि रुसलेला देव पुढे काय करतो ते तुला नि मला माहीत आहे. आबांनी कानावर हात ठेवला आणि आपल्या बिरोबापासून धरलं. न्हावरे झालं, आंधळगाव झालं, निमोणे झालं, करडे झालं, आणि घंटा वाजली. आम्ही अजून शिरूर तालुक्यातच होतो! आता घंटा कशासाठी वाजवतात? आरतीला. आबांना वाटलं, साहेबाच्या अंगात देव आला. त्यांनी साहेबाला हात जोडले आणि आवाज चढवला. ढोलवालेही चेकाळले. साहेबाने पुन्हा घंटा वाजवली. आबांनी त्याला आणखी दोन देव दिले. तिसऱ्या वेळेला साहेब उभाच राहिला, हातात घंटा, आणि ती वाजवतच राहिला. आमच्या हनुमंत भाऊजींनी डोळे मिटून त्याला वाकून नमस्कार केला. मग एक बाई स्टेजवर आली आणि तिने माईक बंद केला. कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. ढोलाला कसला माईक?

शेवटी मीच उठले आणि भाकरीचं गाठोडं आबांच्या समोर नेऊन ठेवलं. गाठोडं दिसलं की ते थांबतात. घरातही थांबतात.

साहेब घाम पुसत हसले. म्हणाले, “आजोबा, रागावू नका. आम्हाला आणखी चोवीस मंडळं बघायची आहेत. मधलं एखादं कडवं म्हणा ना.” आबा म्हणाले, “मधलं कसं म्हणनार सायेब? आधी तितवर जाया नको का?” साहेबांना ते पटलं. शिरूरहून पुण्याला यायचं तर शिक्रापूर लागणारच. मग साहेब म्हणाले, “बरं, मग शेवट म्हणा. शेवटावर तर थेट जाता येतं?”

इथं मी जरा थांबते. सोनम म्हणते आजी सांग की पुढं. सांगते.

आबांनी कानावर हात ठेवला. ढोलवाले हात वर करून थांबले. हात तसाच राहिला, विठे. मी मागच्या खुर्चीत बसले होते, मला त्यांची पाठ दिसत होती. लहान पोराला मास्तरांनी उभं केल्यावर दिसते तशी. मग त्यांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, “सायेब, शेवट माज्याकडं न्हाई.” साहेबांना काय वाटलं कोण जाणे. “वा!” म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं. म्हणाले, दिवाळी झाल्यावर दुसऱ्या रविवारी आम्ही तुमच्या गावी येतो, सकाळी दहाला, दिवसभर बसतो, सगळं ऐकतो, पंधराच्या पंधरा कलाकार बघतो, आणि मग ठरवतो. तोवर कलाकारांची पक्की यादी पाठवा. अध्यक्षांच्या सहीने नाहीतर अंगठ्याने.

शेवट यांच्याकडे का नाही, हे हॉलमध्ये मला एकटीला माहीत होतं, आणि तुला तुझ्या घरात माहीत आहे. आपले आप्पा फार बेरकी माणूस. एवढी मोठी ओवी, त्यांनी दोन जावयांना वाटून दिली. पहिली अर्धी थोरल्याला, मागची अर्धी धाकट्याला. मी तेव्हा विचारलं होतं, आप्पा, दोघांनाही सगळीच का देत नाही? तर म्हणाले, “सगळी दिली तर दोगं येकमेकांचं तोंड कशाला बगत्याल?” त्यांना वाटलं, अर्धी अर्धी दिली की हे दोघं जन्मभर बांधलेले राहतील, आणि आपण दोघी बहिणीही त्या निमित्ताने भेटत राहू. वीस वर्षं तसं झालंही. यांनी देव बोलवायचे, तुझ्या मालकाने ते पोचवायचे. आणि मग आप्पा गेले, आणि पहिल्याच जत्रेत आमच्या शहाण्याने सुंबरानात आमचा बिरोबा आधी घेतला आणि तुमचा धुळोबा नंतर. शंकररावांनी घोंगडी उचलली आणि चालू लागले. तेही कसले, जाताना माझ्या हातची आमटी अर्धी टाकून गेले. देवांनी काही म्हटलं नव्हतं गं. बिरोबा आणि धुळोबा आपापल्या देवळात गप बसले होते. भांडले ते हे दोन म्हातारे, तेव्हा म्हातारेही नव्हते.

त्याला अठरा वर्षं झाली. अठरा वर्षं आमच्याकडे ओवी सुरू होते आणि संपत नाही. अर्ध्यावर आलं की आबा डोळ्याने खूण करतात आणि ढोल एवढ्या जोरात सुरू होतात की लोकांना वाटतं आता रंगात आलं. रंगात कुठलं, आबांचं संपलेलं असतं. आणि तुमच्याकडचं मला भामाबाईच्या लेकीच्या लग्नात कळलं, की शंकरराव उभे राहतात, बराच वेळ नुसतं “हाऽऽ” करतात आणि एकदम मधूनच धरतात. लोक म्हणतात, काय आवाज लावलाय! अगं, आवाज लावत नाहीत ते, सुरुवात शोधतात. हे हसण्यावारी नेलं मी अठरा वर्षं. पुण्यात त्यांची पाठ बघितली आणि हसू आलं नाही.

परत येताना आबा गाडीत नुसते ढोल धरून बसले. मी भाकरी दिली, घेतली नाही. कंडक्टरने ढोलाची चौकशी केली, ऐकू आलं नाही. शिक्रापूर गेलं, रांजणगाव आलं, कंपन्यांचे दिवे लागले, पोरं शिफ्टवरून सुटली होती, गाडीत चढली. त्या गर्दीत माझ्याकडे न बघता म्हणाले, “शंकऱ्यानं धरलं आसतं तितनं.” एवढंच. मी ऐकलं नाही असं केलं. ऐकलं असं दाखवलं असतं, तर शिरूर येईपर्यंत त्यांनी तो शब्द परत घेतला असता. त्यांना मी ओळखते.

आता काम सांगते. हे सोयरिकीचं पत्र आहे असं समज. आमच्याकडे आठ माणसं, ओवीची पुढची बाजू आणि दोन ढोल. तुमच्याकडे, मी चौकशी केली आहे, सात माणसं, मागची बाजू, आणि ढोल म्हणे एकच धड आहे. आठ नि सात किती होतात ते मला शाळेत न जाता कळतं. देणंघेणं काही नाही. मानपान एकच : या वेळी सुंबरानात धुळोबा आधी. ते मी कबूल करते, आबा करतील का ते मी बघते. पाव्हण्यांना मटण आहे, शंकररावांना ती आमटीही आहे. तुमच्या चौफुल्याहून न्हावऱ्याला सकाळची गाडी आहे, ती धरली तर नवाला पोचता. आणि हे दोघं एकत्र बसले तर ललिताबाई टेपरेकॉर्डर घेऊन समोर बसणार आहेत. पोरांना शिफ्ट आहे तर आहे, टेप काही शिफ्टला जात नाही. सोनम म्हणते मी ऐकून वहीत लिहीन. तिला सांगितलंय, त्यात ‘हाय’चं ‘आहे’ केलंस तर वही चुलीत घालीन.

शंकरराव आधी नाही म्हणतील. म्हणू दे. त्यांना तू सांग, ज्ञानू सगळीकडे सांगत फिरतोय की शंकऱ्या ओवीचा शेवट विसरला. (नाव सोनमने घातलं, मी घेतलेलं नाही.) ते घोंगडी घेऊन पळत येतील, गाडीची वाटही बघणार नाहीत. ही लबाडी आहे, पण देवाकामी आहे. आणि एवढं करूनही उठले नाहीत, तर मग त्यांना खरं काय ते सांग. खरं असं, की यादी पाठवायची होती, आणि मी त्यांना न विचारता पंधरा नावं लिहायला लावली. आठ आमची, सात तुमची. परवा सोनम अंगठ्यासाठी कागद घेऊन आबांपुढे बसली. मी चुलीपाशी होते, पाठ करून, पण कान तिकडेच. आबा म्हणाले, वाच आधी. तिने वाचलं. आठ नावं झाली, आणि नववं आलं, शंकरराव. पोरगी घाबरून थांबली. मीही थांबले, भाकरी तव्यावर करपली. आबा म्हणाले, “परत वाच.” तिने परत पहिल्यापासून वाचलं, सगळी पंधरा. म्हणाले, “नववं येकलंच वाच.” तिने वाचलं. मग त्यांनी शाई घेतली आणि अंगठा असा दाबून ठेवला, असा दाबून ठेवला, की सोनमला तो हाताने उचलून काढावा लागला.

तुझीच थोरली,
कुशा